मालक कामावर गेलेत

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. काउंटरच्या काचेखाली मी रोजच्या कामांची यादी ठेवते. झालेल्या कामावर रेघ मारते, न झालेलं काम दुसऱ्या दिवशीच्या कागदावर सगळ्यात वर लिहिते. एखादं काम असं रोज वरच राहायला लागलं की माझं जेवणावरचं लक्ष उडतं. गेल्या उन्हाळ्यात असंच एक काम वर येऊन बसलं होतं. दोनच शब्द होते: अक्काचं नाव.

पुण्याहून एक संशोधक मुलगी प्रश्नावली छापायला आमच्या दुकानात आली होती, तिथून हे सुरू झालं. मी मुलगी म्हणते, पण ती तिशी ओलांडलेली. मी तिला मॅडम म्हणायची आणि ती मला काकू. भाषिक अल्पसंख्याक घरांतले लोक छोटे व्यवसाय कसे उभे करतात, असा तिचा विषय होता. सोलापुरात याचा अर्थ मुख्यतः पूर्व भागातली तेलुगू बोलणारी विणकर घरं. मी प्रूफ वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडकले.

"मॅडम, 'तुम्ही काय धंदा करता' हा प्रश्न तुम्ही बायकांना विचारणार?"

"हो. का?"

"आणि मग परत कशा येणार?"

तिला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती कानापर्यंत लाल झाली. 'धंदा' काढून आम्ही 'काम' घातलं. "काकू, तुम्हीच चला माझ्याबरोबर," ती म्हणाली, "नाहीतर मी मार खाऊन येईन." दुपारी दुकानात तशीही गर्दी नसते. आमचे हे म्हणाले, जा तू, मी बसतो काउंटरवर. अशी मी पाहणीच्या कामाला लागले.

दुसऱ्या पानावर प्रश्न होता: 'या व्यवसायाचे मालक कोण?' तोही मी नीट वाचला होता. शुद्धलेखन बरोबर होतं. मी पुढे गेले.

मॅडम सुरुवातीला बरोबर फिरली, मग पुण्याला गेली आणि मी एकटी जायला लागले. मी माझे नियम केले. ज्या गल्लीत पाण्याचा दिवस असेल तिथे त्या दिवशी जायचं नाही, कारण नळ आलेला असताना सोलापुरात कोणी कोणाशी बोलत नाही. कारखान्याची पाळी सुटायच्या वेळी जायचं नाही. चहा एकाच घरी घ्यायचा, नाहीतर संध्याकाळी पित्त होतं.

अक्का मला अशीच एका दुपारी भेटली. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणायला लागले. वय माझ्याएवढंच. कारखान्यांतून टॉवेलचे उरलेले तुकडे आणायची आणि त्यांची लहान मुलांची लाळेरी शिवायची. गल्लीतल्या तिघी-चौघी तिच्याकडे मशीनवर बसायच्या. जागा म्हणजे भाड्याची एक खोली. तिथे पूर्वी हातमाग होता, त्याचा खड्डा वर फळ्या टाकून झाकला होता आणि त्यावरच मशीन मांडली होती. मशीन जोरात चालली की खालून ढोल वाजल्यासारखा आवाज यायचा.

मी विचारलं, "या व्यवसायाचे मालक कोण?"

"मालक हायेत की. सेकंड शिफ्टला गेलेत."

मी लिहिलं: पती. तिचा नवरा यंत्रमागावर कामाला होता, एवढं मला माहीत होतं. म्हटलं असेल, घरचा माणूस म्हणून त्याच्या नावावर असेल. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी मालक झोपले होते. चौथ्या घरी मालक होते, पण बाईच्या म्हणण्यानुसार जरा तिरके होते, त्यांना काही विचारू नका. मी सगळीकडे पती, पती, पती लिहीत गेले आणि संध्याकाळी कागद पुण्याला पाठवले.

त्यानंतर दोन गोष्टी एकदम झाल्या. अक्काच्या घरमालकानं खोली पाडून तिथे गाड्या लावायची जागा करायचं ठरवलं. पावसाळ्याआधी मशीन हलवा म्हणाला. तिचं राहतं घर म्हणजे एक खोली आणि पुढचा पत्रा, तिथे मशीन ठेवली तर माणसं बाहेर झोपणार. आणि त्याच सुमाराला एका संस्थेनं बंद पडलेल्या कारखान्याची एक बाजू दुरुस्त करून बायकांसाठी गाळे काढले. वीज स्वस्त, वर पंखे, दाराला कुलूप. अट एकच होती. बाईचा स्वतःचा व्यवसाय पाहिजे. नावं मॅडमच्या पाहणीतून घ्यायची, ज्यांची हरकत नसेल त्यांची.

मी अक्काला सांगून टाकलं, "तुमचं नाव येणारच."

असं कोणाला कधी सांगू नये. मी एरवी सांगत नाही.

पहिली यादी आली. त्यात अक्का नव्हती. गल्लीतली एकही नव्हती. मॅडमला फोन केला तर तिचा आवाज उत्साहात होता. "काकू, फार वेगळा निष्कर्ष निघतोय. पूर्व भागात बायका काम करतात, पण मालकी जवळजवळ सगळीकडे पुरुषांची. मी यावर एक वेगळं प्रकरणच लिहिणार आहे."

मला ते पटलं नाही आणि खोटंही म्हणता येईना. कागदावर माझंच अक्षर होतं. अक्का रोज संध्याकाळी फोन करायची. "बाई, आलं का ओ नाव?" मी म्हणायची, बघते. घरमालकानं एका बाजूची कौलं उतरवायला सुरुवातही केली होती. शेवटी वाटलं, समोर जाऊन सांगितलेलं बरं.

गेले तेव्हा अक्का तुकडे आणायला बाहेर गेली होती. दारात तिची सासू बसली होती, तिला सगळे अत्ता म्हणायचे. मी पाणी पीत होते एवढ्यात एक व्यापारी स्कूटरवरून आला. हातात एक लाळेरं.

"मालक हायेत का?"

"मालक कामावर गेलेत," अत्ता म्हणाली.

"मग कधी भेटतील?"

"तुमाला त्येंच्याशी काय काम हाय?"

"ह्याची नाडी तुटायलीय. शिलाईचं बोलायचंय."

"मग मालकाला कशाला इचारताव? ते माझ्या सुनेचं काम हाय. मालकाला त्यातलं काय बी कळत न्हाय. बसा, ती यील आता."

माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं. व्यापारी मुकाट्यानं पायरीवर बसला, त्याला यात काहीच विशेष वाटलं नाही. मलाही आयुष्यभर वाटलं नव्हतं. आमच्या दुकानात खेड्यातल्या बायका येतात, त्याही म्हणतात, "मालकांचा फोटो आणलाय, झेरॉक्स काढा." मी कधी विचारलं नाही की कशाचे मालक. मालक म्हणजे नवरा. गल्लीतल्या एकीनंही मला खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारत होते दुकानाचं, त्या सांगत होत्या घरचं.

अक्काला काही न सांगता मी परतले. रिक्षातूनच मॅडमला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, म्हणजे माझं प्रकरण गेलं."

"प्रकरण जाऊ द्या. यादी दुरुस्त करा."

"अशी नाही करता येत. आपण आपल्या मनानं उत्तर बदललं तर ते खोटं होईल. प्रश्न पुन्हा विचारावा लागेल, आणि सगळ्या घरांत सारखाच. उत्तर सुचवायचं नाही. संस्थेकडून आठवडाभराची मुदत मिळते का बघते. तोपर्यंत शब्द शोधून ठेवा."

मला वाटलं, शब्द काय, पाच मिनिटांचं काम. यादी केली. 'मालक' खोडला आणि त्याखाली 'धनी' लिहिला. वाचून बघितला आणि खोडला. धनी म्हणजे तर नवराच. 'कारभारी' लिहिला. तोही नवरा. 'यजमान' लिहिला, जरा बरा वाटला, तर शेजारून हे हसले. ह्यांचं गाव दुधनी, घरी कन्नड बोलतात.

"अगं, आमच्याकडं यजमान्रु म्हणजे नवराच. आई अजून नानांना तेच म्हणते."

"मग 'मालकीण' लिहू?"

"मालकीण म्हणजे मालकाची बायको."

"उद्योजिका?"

"ते काय असतं?"

हे खरंच विचारत होते. ह्यांना कळलं नाही तर पूर्व भागात कोणाला कळणार? मी सगळे शब्द खोडले. दुकान चालवणाऱ्या माणसासाठी जितके शब्द होते, त्या सगळ्यांत आधीच एक नवरा जाऊन बसला होता. मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. संस्थेनं दिलेली मुदत संपत आली होती आणि तिकडे कौलं उतरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस तणतणत दुकानात आला. आम्ही छापलेल्या लग्नपत्रिकेत मुलीच्या मामाचं नाव राहिलं होतं. मामा रुसून बसला होता, लग्नाला येत नाही म्हणत होता.

"कोण आहे इथं जबाबदार?" त्यानं काउंटरवर पत्रिका आपटली.

ह्यांनी वर न बघता बोट माझ्याकडे केलं. बोर्डावर नाव ह्यांचं आहे, परवाना ह्यांच्या नावावर आहे, फोनवर लोक "मालकांना द्या" म्हणतात आणि मी देते. हे ऐकून घेतात आणि मलाच परत देतात. त्या माणसानं मला यथेच्छ सुनावलं. मी पत्रिका नव्यानं छापून देते म्हटलं, मामांना फोन करून माझी चूक म्हणून सांगते म्हटलं. तो गेल्यावर मी काचेखालचा कागद ओढला आणि लिहिलं: काम बिघडलं तर गिऱ्हाईक कोणाला बोलतं?

मॅडमला तो प्रश्न आवडला, पण फार घरगुती वाटला. तिनं त्याला आणखी दोन जोडले. भाव कोण ठरवतं? एखादं काम नको असेल तर नाही कोण म्हणतं? मग ती स्वतः आली आणि आम्ही गल्लीच्या एका टोकापासून पुन्हा सुरुवात केली. मला तोंड बंद ठेवायचं होतं. ते माझ्यासाठी सोपं नाही.

अक्काच्या घरी त्या दिवशी नवऱ्याची सुट्टी होती. तो बनियनवर बाजेवर बसला होता, शेजारी अत्ता. मला हेच नको होतं. एकटी असती तर ती मोकळं बोलली असती. नवऱ्यादेखत, सासूदेखत ही बाई काय बोलेल? आणि बोलली, तर आम्ही गेल्यावर घरात काय होईल? आम्हाला एक उत्तर पाहिजे होतं, तिला तिथे राहायचं होतं. पदराचं टोक मी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

मॅडमनं वाचलं, "काम बिघडलं तर गिऱ्हाईक कोणाला बोलतं?"

अक्कानं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं जमिनीकडे.

"बोलतं म्हंजे शिव्या घालतं व्हय?"

"हो, तसंच."

"मग मलाच की! ह्येंना कोण शिव्या घालतंय? ह्येंना लाळेरं कुठलं आन् हातरुमाल कुठला ते बी कळत न्हाय."

"कळतंय की," नवरा पहिल्यांदाच बोलला. "एक गळ्यात बांधतेत."

"बघा! परवा येकानं दोन डझन परत आणून टाकले. तवा हे कुटं व्हते इचारा."

"हितंच होतो. आत."

"आत लपला व्हता," अत्ता म्हणाली. सगळे हसले, नवराही. माझी बोटं जरा सैल झाली.

भाव? मीच. नाही कोण म्हणतं? मीच की, अजून कोण? उत्तरं अशी येत होती की मॅडमला लिहायला वेळ पुरेना. आणि मग शेवटी तिला राहवलं नाही. तिनं जे मला करू नको म्हणून बजावलं होतं, तेच स्वतः केलं.

"म्हणजे मालक तुम्हीच ना, अक्का?"

"अय्यो, न्हाय ओ मॅडम!" अक्कानं जीभ चावली. "मालक हे बसलेत की समोर."

नवऱ्यानं मान हलवली. मॅडमचं पेन हवेत थांबलं. मी भिंतीकडे बघत राहिले, कारण मॅडमकडे बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. मॅडमनं काहीतरी लिहिलं, कागद मिटला आणि आम्ही उठलो.

गल्लीच्या टोकाला आल्यावर मी विचारलं, "काय लिहिलंत?"

"जे त्या म्हणाल्या ते सगळं. आता संस्था काय अर्थ लावते बघू."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी यादी लिहायची, वर तेच दोन शब्द लिहायची आणि बाकीची कामं उलटसुलट करून ठेवायची. एका वकिलाची पानं चुकीच्या क्रमानं शिवली. हे म्हणाले, "तू दोन दिवस घरी बस." मी म्हटलं, घरी बसून काय करू, तिथे यादी लावायला काच नाही.

मग संस्थेकडून फोन आला. अक्काचं नाव होतं, गल्लीतल्या आणखी काहीजणींचंही. पण फोनवरच्या गृहस्थांनी शेवटी एक वाक्य घातलं. "मॅडमचा अहवाल वाचला. पण आम्हाला अनुभव आहे. पुढे बायका, मागे नवरे, असं असतं. किल्ल्या देताना मी स्वतः बघणार. तसं काही दिसलं तर गाळा दुसऱ्याला."

मी अक्काला गाळा मिळाल्याचं सांगितलं. हे वाक्य सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं घरी सांगितलं असतं, आणि नवरा आलाच नसता किंवा रुसून आला असता. दोन्हीतून काय निघेल याचा मला अंदाज नव्हता.

किल्ल्या द्यायच्या दिवशी कारखान्याच्या त्या बाजूला मांडव घातला होता. बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या. त्यांच्याबरोबर नवरे, इस्त्रीच्या शर्टात, दाढी करून. कोणी सांगितलं नव्हतं तरी सगळे नवरे पहिल्या रांगेत बसले आणि बायका दुसऱ्या. मी बाजूला उभी होते. पुढे जाऊन "अहो, मागे बसा" असं कोणत्या तोंडानं सांगणार?

संस्थेचे गृहस्थ उठले. हातात किल्ल्यांचा जुडगा. रांगेकडे एकदा बघितलं, चष्मा पुसला आणि माईकवर म्हणाले,

"गाळा नंबर एक. मालकांनी पुढे यावं."

पहिल्या रांगेत अक्काचा नवरा अर्धा उठला. उठणारच. त्याला जन्मभर त्याच नावानं हाक मारलेली. त्याला बघून शेजारचे दोघंही खुर्चीच्या कडेला सरकले. गृहस्थांची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथेच थांबली.

मागून अक्काचा हात आला. तिनं नवऱ्याच्या शर्टाची पाठ धरली आणि खाली ओढली.

"तुमी बसा की ओ. हितला मालक येगळा हाय."

"कोण?" त्यानं खरंच वळून विचारलं.

"मी."

मांडवात हशा पिकला. तो बसला. कानाची पाळी चोळत होता, पण हसत होता, आणि शेजारच्या दोघांना सांगत होता, तुमी बी बसा, आपलं काम न्हाय. अक्का खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेली. गृहस्थांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि विचारलं, "किती मशीन बसतील?" तिनं छताकडे, मग भिंतीकडे बघितलं. "आदी सांगा, बटणं कुटल्या बाजूला हायेत? मशीन त्या बाजूला बसतेत." गृहस्थांनी वायरमनला हाक मारली.

मी मनातल्या मनात पेन काढून त्या दोन शब्दांवर रेघ मारली.

एवढ्यात अक्का परत आली आणि सगळ्यांदेखत ती किल्ली नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात टाकली.

मी धावले. गृहस्थ नंबर दोनची किल्ली शोधत होते, मान खाली होती. मी मधे जाऊन उभी राहिले, पाठ त्यांच्याकडे करून.

"अक्का! किल्ली त्यांना कशाला दिलीत?"

"मग कुटं ठिऊ, बाई?" तिनं दोन्ही हात पसरून साडी दाखवली. "मला खिसा हाय का?"